पाणबुडी किती लांबचं ऐकते, हे कागदावर कसं काढायचं

माझा भाचा दर दोन-तीन महिन्यांनी मला एखादा व्हिडिओ पाठवतो आणि खाली लिहितो, "मावशी, ही पाणबुडी पाचशे किलोमीटरवरचं जहाज ऐकते म्हणे. खरं का गं?" मी गेली १९ वर्षं संशोधन जहाजांवर पाण्याखालच्या आवाजाचं काम करते. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली ऐकणारे माइक, पाण्यात सोडायचे, पाण्याचं तापमान मोजायचं आणि रात्र-रात्र हेडफोन लावून बसायचं, असं हे काम. पाणबुडीत मी कधी राहिलेली नाही. पण समुद्र माझ्या हायड्रोफोनला जे नियम लावतो, तेच पाणबुडीच्या सोनारलाही, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या तिच्या यंत्रणेलाही, लावतो. त्यामुळे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर एक चौकटीचा कागद, एक कॅल्क्युलेटर आणि अर्धा तास एवढ्यात काढता येतं. ते कसं काढायचं, ते सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. सोनारचा पल्ला तोफेच्या पल्ल्यासारखा नसतो. तोफेचा पल्ला तोफेत असतो. सोनारचा पल्ला मात्र समोर आवाज करणारा कोण, मधलं पाणी कसं, भोवताली गोंगाट किती आणि ऐकणारा स्वतः किती शांत, या चौघांच्या हिशोबातून निघतो. यातलं एकही बदललं की आकडा बदलतो, आणि तो थोडाथोडका बदलत नाही.

आवाज कोणाचा, हे आधी विचारा

१५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची 'सान हुआन' ही पाणबुडी दक्षिण अटलांटिकमध्ये नाहीशी झाली. आत ४४ माणसं होती. त्या दिवशी झालेला एक आवाज अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दोन केंद्रांनी टिपला होता. त्यातलं एक असेन्शन बेटाजवळचं, सुमारे ६,००० किलोमीटरवर आणि दुसरं हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांजवळचं, सुमारे ८,००० किलोमीटरवर. वर्षभराने पाणबुडीचे अवशेष सुमारे ९०० मीटर खोलीवर सापडले. त्याच्याही आधी, १९६० साली, ऑस्ट्रेलियात पर्थजवळ समुद्रात केलेल्या स्फोटांचा आवाज बर्म्युडाजवळच्या हायड्रोफोनने ऐकला. अंतर जवळपास २०,००० किलोमीटर, आणि आवाजाला पोहोचायला लागले पावणेचार तासांच्या आसपास.

हे आकडे खरे आहेत. पण ते स्फोटाचे आणि पाण्याच्या दाबाखाली चिरडल्या जाणाऱ्या पोलादाचे आहेत. हळू चाललेल्या, रबरी पायांवर बसवलेल्या यंत्रांच्या पाणबुडीचे नाहीत. पाणबुडीच्या पल्ल्याबद्दलच्या लेखात असले आकडे शेजारी आणून ठेवलेले दिसले की मी पेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल करते आणि बाजूला ठेवते. कागदावरची पहिली ओळ नेहमी एकच असते: आवाज करणारा कोण, आणि कुठल्या वारंवारतेला.

मालवाहू जहाजाचा मोठा पंखा पाण्यात बुडबुडे फोडत फिरतो. त्याचा १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज, एक मीटरवरून मोजल्यासारखा धरला तर, १६० डेसिबल मानायला हरकत नाही. शांत चाललेल्या पाणबुडीचे खरे आकडे कुणी छापत नाही, म्हणून सरावासाठी मी तिला १३० धरते. हा फरक ३० डेसिबलचा आहे, म्हणजे ताकदीत हजार पट. तो लक्षात असू द्या, पुढे तोच सगळा खेळ ठरवणार आहे.

डेसिबल लिहिताना एक काळजी घ्या. हवेतले डेसिबल २० मायक्रोपास्कलवरून मोजतात आणि पाण्यातले १ मायक्रोपास्कलवरून. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट. दोन्ही धरून एकाच ताकदीच्या आवाजाचा आकडा पाण्यात सुमारे ६२ ने जास्त येतो. "सोनार जेट विमानापेक्षा अमुक पट मोठा" असं वाचलंत की लिहिणाऱ्याने हे ६२ वजा केलेत का, ते आधी बघा. बहुतेक वेळा केलेले नसतात.

मधलं पाणी

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबणार आहे.

आम्ही जहाजावरून एक छोटं यंत्र पाण्यात टाकतो, एक्सबीटी म्हणतात त्याला. हातभर लांबीचं, पुढे शिशासारखं जड नाक आणि मागे केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचं रीळ. एक रीळ यंत्रात आणि दुसरं जहाजावरच्या नळीत, त्यामुळे जहाज चालत राहिलं तरी तार ताणली जात नाही, दोन्हीकडून उलगडत राहते. दोन मिनिटांत ते ७०० मीटरच्या पुढे जातं, वाटेत तापमान सांगत राहतं, आणि मग तार तुटते. ते यंत्र परत येत नाही. पडद्यावर मात्र एक वाकडी रेघ उरते. ती रेघ हातात असल्याशिवाय मी पल्ल्याबद्दल एक शब्दही बोलत नाही.

कारण आवाज पाण्यातून सरळ जातच नाही. जिथे त्याचा वेग कमी, तिकडे तो वळतो. वेग तापमानाने वाढतो, खोलीने वाढतो, थोडा क्षारतेनेही वाढतो. तो काढायला मेडविन यांचं सोपं सूत्र पुरतं. तापमान सेल्सिअसमध्ये 'त', क्षारता हजारी भागांत 'क्ष' आणि खोली मीटरमध्ये 'ख' धरा:

वेग = १४४९.२ + ४.६त − ०.०५५त² + ०.०००२९त³ + (१.३४ − ०.०१त)(क्ष − ३५) + ०.०१६ख

हे १,००० मीटरपर्यंत चालतं. क्षारता ३५ धरा आणि एका उष्ण समुद्राचे आकडे घालून बघा. पृष्ठभागावर २८ अंश असेल तर वेग येतो सेकंदाला १,५४१ मीटर. १०० मीटरवर २२ अंश असेल तर १,५२८. १,००० मीटरवर ५ अंशाला १,४८७. त्याखाली पाणी आता आणखी फारसं गार होत नाही, पण दाब वाढतच जातो आणि दर १०० मीटरला वेग १.७ मीटरने वाढत जातो. ४,००० मीटरवर २ अंशाच्या पाण्यात तो १,५२३ च्या आसपास येतो. हे चार ठिपके कागदावर काढा, खोली खाली आणि वेग उजवीकडे. मध्ये पोट आत गेलेली एक रेघ दिसेल.

जिथे पोट सगळ्यात आत गेलंय, तीच खोल समुद्रातली आवाजाची वाट. वर गेलेला आवाज खाली वळतो आणि खाली गेलेला वर वळतो. तळाला किंवा पृष्ठभागाला न धडकता तो हजारो किलोमीटर जातो. मॉरिस युइंग यांनी अमेरिकेत १९४४ साली आणि लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी सोव्हिएत संघात त्यानंतर दोनच वर्षांनी ही वाट स्वतंत्रपणे दाखवली. 'सान हुआन'चा आणि पर्थचा आवाज याच वाटेने गेला. पण मध्यम अक्षांशांत तिचा मध्य साधारण १,००० मीटरवर असतो, आणि बहुतेक लष्करी पाणबुड्या त्याच्या निम्म्या खोलीवरही नेहमी वावरत नाहीत. म्हणजे त्या या वाटेच्या वरच्या काठावर असतात, मध्यावर नाहीत.

आता वरचे शंभर-दीडशे मीटर बघा. वारा पाणी घुसळतो, त्यामुळे वरचा थर सारख्या तापमानाचा होतो आणि त्याखाली तापमान एकदम उतरतं. थराच्या आतला आवाज दाबामुळे किंचित वर वळतो, पृष्ठभागाला लागून पुन्हा खाली येतो, पुन्हा वर वळतो. थराखालचा आवाज मात्र खाली वाकून निघून जातो. दोघांच्या मध्ये एक पोकळी राहते, तिला सावली म्हणतात. थराच्या वरचा सोनार आणि खालची पाणबुडी एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर असूनही एकमेकांना मुक्या राहू शकतात. मात्र थर जाड नसेल तर खोल सुराचे, म्हणजे कमी हर्ट्झचे, आवाज त्यात कोंडले जात नाहीत, झिरपतात. ५० मीटरच्या थरात साधारण ५०० हर्ट्झच्या खालचं काही टिकत नाही, १०० मीटरच्या थरात ही मर्यादा १७५ हर्ट्झच्या जवळ येते.

ही रेघ दिवसातही बदलते. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या लक्षात आलं की सकाळी चांगला चालणारा सोनार दुपारी आंधळा होतो. आधी वाटलं, जेवणानंतर ऑपरेटर पेंगतात. खरं कारण सूर्य होता. दुपारपर्यंत वरचे काही मीटर पाणी एक-दोन अंशांनी तापतं आणि आवाज खाली वाकतो. शांत, वारा पडलेल्या दिवशी मी सकाळी सहाला आणि दुपारी तीनला एक्सबीटी टाकते, तेव्हा दोन रेघांचा फरक वरच्या दहा-बारा मीटरांतच दिसतो, एका नखाएवढा. त्या नखाने पल्ला अर्धा होतो. त्या ऑपरेटरांवर आळसाचा ठपका आला, याचं मला आजही वाईट वाटतं.

खोल समुद्रात आणखी एक गंमतीची गोष्ट घडते, तिला कन्व्हर्जन्स झोन म्हणतात. पृष्ठभागाजवळून निघालेला आवाज खाली जातो, खोलात वळतो आणि ५० ते ६५ किलोमीटरवर पुन्हा वर येऊन एका अरुंद कड्यात गोळा होतो. हे मी स्वतः ऐकलं आहे. दुसरं एक जहाज एकच स्थिर सूर वाजवत आमच्यापासून १० नॉटने लांब जात होतं. आठ किलोमीटरच्या आसपास सूर हेडफोनमधून गेला. पुढचे अडीच तास फक्त लाटांची खसखस. पडद्यावर रेघ नाही, काही नाही. वायरलेसवर त्या जहाजाने अंतर ५४ किलोमीटर सांगितलं आणि दोनेक मिनिटांत तो सूर परत आला, जाताना होता त्याहून स्वच्छ. पाव तास राहिला आणि पुन्हा गेला. माझ्या शेजारी बसलेला नवा मुलगा खुर्चीतून उभाच राहिला होता.

पण हे दर समुद्रात होत नाही, आणि तुमच्या कागदावरची रेघच ते सांगते. खाली कुठेतरी वेग पृष्ठभागाच्या वेगाइतका व्हायला हवा, तरच आवाज तळाला लागायच्या आत वळतो. वरच्या उदाहरणात पृष्ठभागावर १,५४१ आहे आणि ४,००० मीटरवर १,५२३. समुद्र तेवढाच खोल असेल तर आवाज तळावर आपटतो, कन्व्हर्जन्स झोन मिळत नाही. त्याला ५,००० मीटरच्या पुढे खोली हवी. आता तेच पाणी थंडीत १८ अंशांवर आलं असं धरा. वेग १,५१६ होतो, आणि ३,६०० मीटरच्या आसपासच आवाज वळतो. ४,००० मीटरच्या समुद्रात थंडीत झोन आहे, उन्हाळ्यात नाही. पाणबुडी तीच, सोनार तोच.

शंभर-दोनशे मीटरच्या उथळ समुद्रात यातलं बरंचसं विसरा. तिथे आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये ठेचकाळत जातो, आणि मऊ चिखलाचा तळ त्याला गिळतो. पल्ला सहसा फार छोटा असतो.

गोंगाट

समुद्र शांत असतो हे फक्त वरून बघणाऱ्याला वाटतं. १० ते २०० हर्ट्झमध्ये जगभरच्या जहाजांची घरघर असते. त्याच्या वर, काही शे हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत, वारा आणि फुटणाऱ्या लाटा. पाऊस आला की हेडफोनमध्ये कढईत फोडणी तडतडल्यासारखं ऐकू येतं. उष्ण, उथळ पाण्यात नांगीने टिचकी मारणारी कोळंबी असते. तिच्या नांगीतून सुटलेल्या बुडबुड्याचा स्फोट होतो, आणि अशा लाखो टिचक्यांनी २ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा भरून जातो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या या आवाजाच्या आड लपल्या आहेत. २० हर्ट्झला फिन व्हेल हा देवमासा दर काही सेकंदांनी एक ठोका देतो, इतका नियमित की सुरुवातीला ऐकणाऱ्यांना ते एखादं यंत्र वाटलं होतं.

कागदासाठी १०० हर्ट्झला, मध्यम रहदारीच्या समुद्रात, एका हर्ट्झच्या पट्ट्यात ७५ डेसिबल धरा. रहदारी फार असेल तर ८० ते ८५. उत्तर-पूर्व पॅसिफिकमध्ये ४० हर्ट्झच्या आसपासचा गोंगाट १९६० च्या दशकापासून पुढच्या चार दशकांत सुमारे १० डेसिबलने वाढला, असं जुन्या आणि नव्या नोंदी जुळवल्यावर दिसलं. जुने पल्ले आजच्या समुद्राला लावू नका, ते यासाठी.

ऐकणाऱ्याचा कान

१०० हर्ट्झच्या आवाजाची पाण्यातली तरंगलांबी १५ मीटर. पाणबुडीच्या नाकातला गोल सोनार चार-पाच मीटरचा. एवढ्या आखूड कानाला १५ मीटरची लाट कुठून आली ते कळत नाही. तोच कान ३ किलोहर्ट्झला, जिथे तरंगलांबी अर्धा मीटर, दिशा छान सांगतो. म्हणून लांबचं, खोल सुराचं ऐकायला पाणबुडी मागे हायड्रोफोनची लांब माळ ओढते.

हिशोब असा: हायड्रोफोन अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ७.५ मीटरवर एक, असे ३२ बसवले तर माळ सुमारे २३० मीटरची होते. गोंगाट सगळीकडून सारखा येत असेल तर फायदा ३२ च्या लॉगच्या दहापट, म्हणजे १५ डेसिबल. माळ एका वेळी ज्या अरुंद पट्ट्यातलं ऐकते त्याला झोत म्हणतात, त्याची रुंदी साधारण ४ अंश. गोंगाट करणारं मोठं जहाज त्याच दिशेला असेल तर हे १५ मिळत नाहीत.

खोल सूरच का ऐकायचा, तेही इथेच बघून घ्या. पाणी आवाज शोषतं, आणि उंच सूर जास्त शोषतं. १० किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे १ डेसिबल जातो, १ किलोहर्ट्झला ०.०६, १०० हर्ट्झला एक हजारांश. ६० किलोमीटरवर यांतला पहिला सूर नुसत्या शोषणातच ६० डेसिबल गमावून बसतो.

आता मांडा

आवाजातून गोंगाट वजा करा, माळेचा फायदा मिळवा. बराच वेळ सरासरी घेतली तर गोंगाटाइतकाच उरलेला सूरही पडद्यावर रेघ म्हणून दिसतो, म्हणून ओळखण्याची अट शून्य धरू.

शांत पाणबुडी: १३० − ७५ + १५ = ७०.
मालवाहू जहाज: १६० − ७५ + १५ = १००.

वाटेत इतके डेसिबल गेले तरी चालतील, असा याचा अर्थ. आवाज गोलासारखा पसरतो तेव्हा अंतर दहापट झालं की २० डेसिबल जातात, दुप्पट झालं की ६. एक मीटरपासून सुरू करा: १ किलोमीटरला ६० गेले, १० किलोमीटरला ८०, १०० किलोमीटरला १००. शांत पाणबुडी ७० ला संपते, म्हणजे सव्वातीन किलोमीटरवर. मालवाहू जहाज १०० किलोमीटरवर. सोनार एकच, समुद्र एकच, कागद एकच.

पाणी मदत करत असेल तर एका अंतरानंतर आवाज गोलासारखा न पसरता चकतीसारखा पसरतो, आणि दहापट अंतराला २० ऐवजी १० च जातात. पहिल्या किलोमीटरनंतर असं होतंय असं धरलं तर शांत पाणबुडी १० किलोमीटरपर्यंत ऐकू येते. कन्व्हर्जन्स झोनमध्ये गोलाच्या हिशोबापेक्षा साधारण १० डेसिबल कमी जातात. ६० किलोमीटरला ९६ ऐवजी ८६. मालवाहू जहाज तिथे सहज येतं, दुसऱ्या झोनमध्येही येतं. ७० वाली पाणबुडी पहिल्या झोनपासूनही १६ डेसिबल लांब राहते.

आता स्वतःचा वेग वाढवा. पाणी माळेवरून घासायला लागलं, यंत्रं जोरात चालली, आणि कानापाशी गोंगाट १० ने वाढला. ७० चे ६० झाले, पल्ला १ किलोमीटर. म्हणून पाणबुड्या जोरात पळतात, मग हळू होतात, ऐकतात, पुन्हा पळतात. जोरात जाताना त्या जवळजवळ बहिऱ्या असतात. वेगाचा आकडा आणि पल्ल्याचा आकडा एकाच वाक्यात शेजारी दिसले तर ते दोन वेगवेगळ्या क्षणांचे आहेत, हे ध्यानात ठेवा.

एक अनुभव सांगते, कारण त्याने माझी सवय बदलली. दुसऱ्याच सफरीत मला ५० हर्ट्झला एक सुरेख रेघ मिळाली, वर १०० आणि १५० लाही. दोन दिवस मी ती लांबच्या जहाजाची म्हणून वहीत लिहीत होते. तिसऱ्या दिवशी आमच्याच प्रयोगशाळेतला एक चार्जर काढला आणि तिन्ही रेघा गेल्या. तेव्हापासून कुठलीही रेघ दिसली की मी आधी आपल्या जहाजावरची यंत्रं एक-एक करून बंद करवते, मगच बाहेर बघते.

ऐकू येणं म्हणजे सापडणं नाही

नुसतं ऐकणारा सोनार दिशा सांगतो, अंतर नाही. सरळ माळ तर आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हेही सांगत नाही. पाणबुडीला वळावं लागतं, नव्या दिशेने जाऊन पुन्हा ऐकावं लागतं, आणि दोन्ही वेळच्या कोनांच्या बदलावरून अंतर काढावं लागतं. यात सहज अर्धा तास जातो, आणि समोरच्याने मध्येच दिशा बदलली तर सगळं पुन्हा. ६० किलोमीटरवर ४ अंशांचा झोत चार किलोमीटर रुंद असतो. त्यामुळे "ऐकू येतं" हा एक आकडा आणि "नेमकं कुठे आहे ते कळतं" हा दुसरा, अशा दोन ओळी कागदावर वेगळ्या ठेवा.

स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकला तर अंतर लगेच मिळतं. ३० किलोमीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी ४० सेकंदांनी येतो. पण आवाजाला दोनदा वाट तुडवावी लागते, दहापट अंतराला ४० डेसिबल. समोरच्याला मात्र तो एकदाच तुडवून ऐकू येतो, त्यामुळे आपल्याला प्रतिध्वनी मिळेल त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त अंतरावर तो सावध होतो. पाणबुडी हे क्वचितच करते.

शांत पाणबुडीचे ते सव्वातीन किलोमीटर कुणाला फार कमी वाटत असतील, तर फेब्रुवारी २००९ आठवा. ब्रिटनची 'व्हॅनगार्ड' आणि फ्रान्सची 'ल त्रिओंफां', दोन्ही अण्वस्त्रं वाहणाऱ्या, अटलांटिकमध्ये पाण्याखाली हळू चालताना एकमेकींवर आदळल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. दोन्ही देशांची सोनार यंत्रणा जगातल्या उत्तम यंत्रणांपैकी, आणि दोन्ही पाणबुड्या तितक्याच शांत. शेवटच्या शंभर मीटरपर्यंत माझ्या कागदावरचे आकडे तिथे कसे गेले असतील, हा हिशोब मी कितीदा तरी केला आहे.

भाच्याचे पाचशे किलोमीटर

खोल, गार समुद्र. पहिले ५ किलोमीटर गोलाचा हिशोब, म्हणजे ७४ डेसिबल. पुढे चकतीचा, शंभरपट अंतराला २०. शोषण अर्धा डेसिबल. एकूण ९४ ते ९५. मालवाहू जहाजाकडे १०० आहेत. ऐकू येईल. पाणबुडीकडे ७० आहेत. नाही येणार. तोच समुद्र उन्हाळ्यात तापला, किंवा पाणबुडीने वेग घेतला, तर जहाजही हातचं जाईल.

कागदाचा फोटो मी त्याला पाठवला. वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, थराची खोली आणि ऐकणाऱ्याचा वेग लिहिला होता, तुम्हीही तो कोपरा रिकामा सोडू नका. त्याचा उलट प्रश्न आला, "मग व्हिडिओत कुठलं जहाज म्हणाले ते पुन्हा बघू का?" मी लिहिलं, बघ, आणि महिना कोणता होता तेही बघ.